रविवारची एक दुरुस्ती : माझ्या वेबसाइटच्या नोंदी, बडोदे

साइट कशाची ते आधी सांगतो. बडोद्याच्या मराठी घरांत बोलले जाणारे गुजराती वळणाचे शब्द, शहरातल्या जागांची टिपणं, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे फोटो आणि थोडं खाण्यापिण्याचं. एकूण ११४ पानं, २०१६ पासून साठलेली. ती मी दोनदा 'नव्याने' करायला घेतली. २०१९ मध्ये चार महिने बंदच पडून राहिली. २०२३ मध्ये काय झालं ते खाली फेब्रुवारीत येईल. म्हणून यंदाचा नियम: रविवारी सकाळी, फार तर दोन तास, एकच गोष्ट. रंग बदलायचा नाही, साचा बदलायचा नाही.

साइट ह्यूगो नावाच्या, मजकुरापासून वेबपानं तयार करणाऱ्या प्रोग्रामने बनवलेली साध्या पानांची आहे, ठेवायची जागा फुकट मिळालेली, डोमेनचे वर्षाला ₹८४९. मी हिशेबनीस आहे, प्रोग्रामर नाही. कुणाला मराठी साइटवर हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले तास त्याचे जाऊ नयेत, म्हणून लिहून ठेवतोय.

५ जानेवारी २०२५

पान कुठल्या भाषेत आहे हे एचटीएमएलच्या, म्हणजे पानामागच्या कोडच्या, अगदी वरच्या ओळीत सांगायचं असतं. साचा आणला तेव्हापासून तिथे अमेरिकी इंग्रजी असं लिहिलेलं होतं आणि मी कधी पाहिलंच नव्हतं. ते बदलून 'एमआर', म्हणजे मराठीची खूण, केलं. काम दोन मिनिटांचं. नोटो सान्स देवनागरी हा फाँट भाषा बघून अक्षरं बदलतो, त्यामुळे इतकी वर्षं हिंदी वळणाचे दिसणारे ल आणि श एकदम आपल्या वळणाचे झाले. शाळेत फळ्यावर गिरवलेला ल पडद्यावर दिसला तेव्हा खरंच बरं वाटलं.

मग लक्षात आलं की फोटोंच्या पानांना वेगळा साचा आहे. म्हणजे शब्दांच्या पानावर मराठी ल आणि फोटोंच्या पानावर हिंदी ल. तो शोधण्यात पाऊण तास गेला. साइटमध्ये साच्याच्या किती फायली आहेत ते आधी मोजा.

१२ जानेवारी

ओळींमधलं अंतर १.४ होतं, ते १.७५ केलं. इंग्रजीला १.४ पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीतला 'कृ' खालच्या ओळीतल्या 'र्थीं'वर आपटत होता.

भाची फाइन आर्ट्सला आहे, सहज म्हणून तिला लिंक पाठवली. तिचं उत्तर: "मामा, मथळ्यांची शिरोरेखा का तोडलीस?" साच्यात मथळ्यांच्या अक्षरांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेली होती, इंग्रजी मथळे त्याने ऐटदार दिसतात. मराठीत प्रत्येक अक्षरावरची रेघ सुटी होते, दात पडलेल्या फणीसारखी. दोन वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. ती एक ओळ उडवली.

१४-१५ जानेवारी

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचे पतंग. अगाशीवर. काही नाही.

१९ जानेवारी

मुखपृष्ठ ६.४ एमबीचं होतं. कारण फोनमधून काढलेले फोटो जसेच्या तसे चढवलेले. सगळे १६०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलले, पान ७०० केबीवर आलं. मूळ फोटोंना हात लावला नाही, ते वेगळ्या फोल्डरमध्ये.

शहाणपणा करून सगळ्याच फोटोंना 'दिसायची वेळ आली की मग उतरव' अशी सूचना लावली. ती सर्वात वरच्या फोटोलाही लागली. आता पान उघडलं की आधी पांढरा चौकोन, मग लहरीपुरा दरवाजा. वरच्या फोटोची सूचना काढली. प्रत्येक फोटोची रुंदी-उंचीही लिहिली, नाहीतर वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. दोन तासांचे साडेतीन झाले.

२ फेब्रुवारी

ही नोंद लाजेची आहे. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. आत्याच्या घराच्या ओसरीचा फोटो साइटवर आहे, पत्ता मुद्दाम दिलेला नाही. फोटो उतरवून त्याची माहिती उघडली तर नकाशावर टाचणी थेट तिच्या दारात. आत्या एकटी राहते.

वेबपी करताना हे निघून गेलं असेल असं मी धरून चाललो होतो. माझ्या प्रोग्रामने ती माहिती इमानदारीने पुढच्या फायलीत नेऊन ठेवली होती. आज सगळ्या फोटोंमधली दडलेली माहिती एका आज्ञेत पुसली. वीस मिनिटं. खूश होऊन जेवायला बसलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आत्याचा फोन. "अरे, माझे खांब आडवे का पडलेत?"

फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आत आडवाच साठवलेला असतो. 'दाखवताना उभा कर' ही चिठ्ठी त्याच दडलेल्या माहितीत असते. मी पत्त्याबरोबर ती चिठ्ठीही पुसली होती. ३१ फोटो नऊ दिवस आडवे पडून होते आणि कुणीही मला सांगितलं नाही. लोक बघतात, मान वाकडी करतात आणि निघून जातात.

उपाय: आधी चिठ्ठी वाचून फोटो खरोखरचा फिरवायचा, मग पुसायचं. इमेजमॅजिक या फोटो बदलायच्या प्रोग्राममध्ये त्या दोन वेगळ्या सूचना आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. मूळ फोटो बाजूला होते म्हणून निभावलं. रात्री अकरापर्यंत बसलो, रविवारचा नियम मोडला.

१६ फेब्रुवारी

मूळ फोटोंचा विषय निघालाच आहे तर २०२३ चं सांगून टाकतो. त्या 'नव्याने' करण्यात मी वाड्यांचे ४३ फोटो ८०० पिक्सेलचे केले. तेव्हा लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून मूळ फोटो एका हार्ड डिस्कवर हलवले आणि ती डिस्क कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात, सर्वात खालच्या खणात ठेवली. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली. आम्ही फ्रीज वर उचलला, धान्याचे डबे उचलले, देव उचलले. डिस्क कुणाच्या लक्षात आली नाही. नंतर एका दुकानात दाखवली, बघण्याचे ₹५०० घेऊन त्यांनी परत केली.

त्या ४३ मधले दोन वाडे आता उभे नाहीत. त्यांचे माझ्याकडचे सगळ्यात मोठे फोटो म्हणजे साइटवरचे ते ८०० पिक्सेलचे. त्यातल्या एकात दारावरच्या पाटीचा मजकूर आहे. पाटी आहे एवढं कळतं, अक्षरं लागत नाहीत.

आज केलेली कामं: संपूर्ण साइट गिटमध्ये टाकली, म्हणजे प्रत्येक बदलाच्या आधीची प्रत राहते. मूळ फोटोंची एक प्रत नव्या डिस्कवर, ₹४,२००, आणि ती डिस्क पुण्याला बहिणीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती वर्षातून दोनदा बदलायची.

९ मार्च

पानांचे पत्ते. मराठी साइट आहे तर पत्तेही मराठीत, असा माझा हट्ट होता. ब्राउझरच्या पट्टीत ते छान दिसतात. कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकले की देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रा आणि पायमोडकं चिन्हसुद्धा धरून, टक्क्यांच्या खुणांसह नऊ रोमन अक्षरांचं होतं. 'बडोद्यातले-शब्द' हा एवढासा पत्ता १२७ अक्षरांचा. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर एकाने विचारलं, हा व्हायरस आहे का?

हट्ट सोडला, पत्ते रोमन अक्षरांत केले. चढवलं आणि अर्ध्या तासात तक्रारी: जुन्या लिंका मेल्या. गेल्या नऊ वर्षांत लोकांनी जपून ठेवलेली प्रत्येक लिंक मी एका सकाळी मारली होती. ह्यूगोमध्ये पानाला जुना पत्ता 'उपनाव' म्हणून देता येतो, जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्यावर पोचतो. ११४ पानांना हाताने दिलं, दोन रविवार गेले. आधी उपनावं, मग पत्ते बदलणं, असा क्रम हवा होता.

२३ मार्च

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सध्या ती फोनकडून वाचून घेते. फोटोला वर्णन नसेल तर फोन फायलीचं नावच वाचतो: "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन…" ती म्हणाली, "आकडे कसले ऐकवतोस?"

फोटोंना वर्णनं लिहायला बसलो. सहा झाली. कारण 'ग्रंथालयाचा फोटो' असं लिहून काही उपयोग नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्यांच्या मधली जमीन काचेची आहे, उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. माझ्या फोटोत त्या काचेतून वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या चपलांचे तळवे दिसतात. ते लिहिलं. आता आठवड्याला पाच, त्याहून जास्त नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी दहा मिनिटं होती, म्हटलं तारखा मराठी करू. 'मार्च ३०'चं '३० मार्च'. सगळ्या फायलींमध्ये शोधा-आणि-बदला. श्रीखंड खाऊन झोपलो.

संध्याकाळी पुण्याच्या मित्राचा मेसेज, तो साइटची फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप पोचणारी यादी, घेतो: तुझे सगळे लेख १ जानेवारी १९७० चे दिसतायत. फीडमधली तारीख यंत्रासाठी असते, ती ठरलेल्या इंग्रजी पद्धतीतच लागते, महिना इंग्रजी, क्रम ठरलेला. मी तिथेही मराठी महिना घुसवला होता. फीडचा साचा गिटमधून मागे आणला. एक मिनिट लागलं.

१३ एप्रिल

फाँट. दोन जाडींच्या फायली मिळून साधारण ४४० केबी. एका ऑनलाइन साइटवर टाकून बारीक करून आणल्या, ९० केबी! चढवल्या. 'शब्द'चा 'शब् द' आणि 'क्षण'चा 'क् षण' झाला. त्या साइटने अक्षरं ठेवली आणि जोडाक्षरं कशी जुळवायची याचे नियम कचरा समजून फेकून दिले. देवनागरीत ते नियम म्हणजे अर्धा फाँट.

मग फाँटटूल्स या फाँट कापायच्या-जोडायच्या प्रोग्रामने स्वतः केलं: देवनागरीचा पट्टा, आकडे, विरामचिन्हं ठेवली, बाकी काढलं, वॉफ-टू या वेबसाठीच्या दाबलेल्या फाँट-प्रकारात बांधलं. १६० केबी. पहिल्या खेपेला रुपयाचं चिन्ह विसरलो, ते देवनागरीच्या पट्ट्यात नाही. प्रत्येक किमतीपुढे दुसऱ्याच फाँटमधला ₹ लंगडत उभा होता. न दिसणारी जोडचिन्हंही आठवणीने ठेवा. ती का, ते पुढच्या नोंदीत.

४ मे

साइटवर शोधायची खिडकी आहे. आत्याने 'पुऱ्या' शोधलं. काही सापडलं नाही. पुऱ्यांवर अख्खं पान आहे. माझ्या लॅपटॉपवर शोधलं तर पहिल्या फटक्यात सापडलं.

आत्याचा फोन घेऊन दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघितले. तंतोतंत सारखे. मग एकेक अक्षर सोडवून पाहिलं तेव्हा उलगडलं. 'पुऱ्या'मधला तो पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, मग य. दुसऱ्यात साधा र, पायमोडका, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. माझा कळफलक एक लिहितो, आत्याचा दुसरा. आणि मी स्वतः नऊ वर्षांत कळफलक बदलत आल्यामुळे साइटवर दोन्ही प्रकार सुखाने नांदत होते.

मला वाटलं, भानगड त्या न दिसणाऱ्या चिन्हाची आहे, तर तेच काढून टाकू. सगळ्या ११४ पानांतून. शोधा, काहीही न लिहिता बदला. १,३०० च्या वर जागा. शोध चालायला लागला की नाही हेही न बघता चढवलं, कारण दहाला एका ग्राहकाकडे जायचं होतं.

५ मे, सोमवार

सकाळी सातला आत्या. "अरे, आपल्या मांडवात आचार्य कधीपासून जिलब्या तळायला बसले?"

लग्नाच्या जेवणावळीवरच्या पानात 'आचाऱ्यांना पहाटे चारला चहा लागे' असं वाक्य होतं. जोडचिन्ह काढल्यावर साध्या र चा पाय मोडलेलाच राहिला आणि तो रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसला. आचाऱ्यांचे आचार्य झाले. दऱ्यांचा दर्या झाला. पुऱ्या, कैऱ्या, पायऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर रफार. शिवाय जिथे 'ॲ' हा अ, जोडचिन्ह आणि चंद्र असा लिहिलेला होता, तिथे चंद्र सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत होता.

फेब्रुवारीतलं गिट इथे कामी आलं. एक आज्ञा, सगळं कालच्यासारखं.

११ मे

नीट दुरुस्ती. मजकुराला हात न लावता, शोधायच्या वेळी दोन्ही बाजू एकाच साच्यात आणायच्या: माणसाने टाइप केलेला शब्दही आणि शोधायच्या यादीतला शब्दही. साधा र, पायमोडका, जोडचिन्ह असं तिघं एकत्र आले तर त्याजागी ऱ आणि पायमोडका. अ ला जोडलेला चंद्र दिसला तर एकसंध ॲ. तीन ओळींचं काम. मग आत्याचा फोन, माझा लॅपटॉप आणि भाचीचा टॅब, तिन्हींवर 'पुऱ्या', 'भाकऱ्या', 'ॲलेंबिक'. सापडलं.

ही एक गोष्ट करायला दीड रविवार आणि एक सोमवार.

१ जून

आधी एक कबुली: गेले तीन दिवस साइट बंद होती. डोमेनचं वर्ष संपलं, आठवणीच्या मेल मी न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. ₹८४९ भरले, पत्ता बदलला, कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची खूण घातली.

आजचं काम जागांच्या यादीचं. अकोटा, अलकापुरी, फतेगंज, मांजलपूर, रावपुरा, हरणी, आणि हरणीच्याही नंतर, सगळ्यात तळाला, ॲलेंबिक रोड. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ॲ उशिरा आला म्हणून त्याला ह च्या, आकड्यांच्याही पलीकडची जागा मिळाली आणि यंत्र नुसते क्रमांक बघून रांग लावतं. मराठी क्रमाने लाव असं ब्राउझरला सांगता येतं, एका ओळीचं काम. ॲलेंबिक वर आला.

१५ जून

आत्याला शब्दांची यादी कागदावर हवी. रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडे लिंक उघडून छापायला दिली. ११ पानं, पानाला ₹३. प्रत्येक पानावर मेन्यू, शोधायची खिडकी आणि करड्या रंगात फिकट मजकूर. झेरॉक्सवाला म्हणाला, "साहेब, अडधी शाई तर तुमच्या पट्टीलाच गेली." अडधी! हा शब्द माझ्या यादीत नव्हता.

छपाईसाठी वेगळे नियम लिहिता येतात. मेन्यू गायब, खिडकी गायब, मजकूर काळा, शब्द आणि अर्थ वेगवेगळ्या पानांवर तुटू नयेत. दुसऱ्या खेपेला ४ पानं. एकूण खर्च ₹४५. नऊ वर्षांत मी माझी साइट एकदाही छापून पाहिली नव्हती.

६ जुलै, आषाढी एकादशी

कागद परत आले, पेन्सिलीच्या खुणांसकट. चौदा दुरुस्त्या. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत करवून १९३१ मध्ये छापला, हे आत्याला ठाऊक आहे आणि माझ्या चार पानांना ती तेच माप लावते.

'डोल' पुढे मी 'बादली' एवढंच लिहिलं होतं. तिने समासात लिहिलंय: "पितळेची ती बादली, प्लास्टिकची ती डोल. आईकडे दोन्ही होत्या." 'पस्ती' पुढे: "रद्दी नव्हे. रद्दीत काहीही येतं, पस्ती फक्त छापलेली." 'चोपडी' पुढे नुसतं प्रश्नचिन्ह. 'हिंचका' (झोपाळा) मी ह्रस्व लिहिलाय, तिला दीर्घ हवा.

साबुदाण्याची खिचडी होईपर्यंत नऊ दुरुस्त्या चढवल्या, चाळीस मिनिटं. 'हींचका'साठी शोधात ह्रस्व-दीर्घ दोन्ही चालेल असं करायला हवं, ते पुढच्या रविवारी. 'चोपडी'च्या प्रश्नचिन्हाचं विचारायला फोन लावला, तर ती विठ्ठलमंदिरात गेलेली.